काळजीवाहक : सून

सावळदरा, धाडजवळ
१२ नोव्हेंबर २०१८

सिंधूताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्ही घाबरला असाल, म्हणून आधीच सांगते, तुमच्या आई बऱ्या आहेत. आत्याबाई आत्ता ओट्यावर बसून शेजारच्या जनकाबाईंशी भांडत आहेत, म्हणजे फारच बऱ्या आहेत.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोन आता माझा राहिलेला नाही. दिवाळीच्या आधी तुम्ही पुण्याहून येऊन त्यात गोळ्यांच्या वेळा सांगणारं ते 'सोबत' अ‍ॅप घालून दिलंत, तेव्हापासून तो तुमच्या आईच्या उशाशी असतो. मी उचलला की मामंजी विचारतात, "कोनाचा हाय?" आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावायला सांगतात. तुमच्याशी जे बोलायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही.

'सोबत'चा फायदा झाला, खोटं कशाला बोलू? चिखलीचे साखरेचे डॉक्टर, बुलडाण्याचे हृदयाचे आणि औरंगाबादचे किडनीचे, तिघंही आता एकमेकांनी लिहिलेलं वाचतात. मागं दोघांनी एकच गोळी दोन नावांनी दिली होती आणि आत्याबाई न्हाणीत कोसळल्या होत्या, तसं आता होणार नाही. त्यासाठी तुमचे आभार मानते, मनापासून मानते.

पण ताई, माहिती भरताना 'काळजीवाहक' या शब्दापुढे तुम्ही 'सून' निवडलंत. त्याआधी या घरात सगळेच गोळ्या द्यायचे. मी कापूस वेचणीला गेले की मामंजी द्यायचे. शिव्या देत द्यायचे, पण द्यायचे. तुमचा भाऊ सकाळच्या चहाबरोबर द्यायचा. आता गजर वाजला की मामंजी तो वाजता फोन हातात धरून बांधाबांधानं मला शोधत वावरात येतात. "तुहा फोन वाजून राह्यला," म्हणतात. गोळ्यांचा डबा घरात त्यांच्या हाताशी असतो. वावरापर्यंत चालत येतील, डबा उघडणार नाहीत. सुनेचं नाव लिहिलंय ना तिथं!

आता मुद्द्यावर येते. चिखलीच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा मला मिळाली आहे. तिथंच राहावं लागतं, खोली देतात, आपल्या मुक्तालाही तिथल्याच शाळेत घालता येईल. बी. ए. होऊन मी किती वर्षं शेणगोठा करते आहे ते तुम्ही पाहिलंय. मागच्या साली बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली, यंदा पाऊसच अर्ध्यावर पळून गेला. तुमचा भाऊ दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो, त्यामुळे नोकरीला नको म्हणायचं तोंड त्याला नाही. तो एवढंच म्हणतो, "जाय तू, पन मायच्या गोळ्यायचं पाहून जाय."

तेच पाहायला निघाले होते. 'सोबत'मध्ये 'काळजीवाहक बदला' असं एक बटण आहे. नव्या माणसाचा नंबर टाकायचा, त्याच्या फोनवर विनंती जाते, त्यानं 'मान्य' म्हटलं की झालं. तुमच्या भावाला चारदा पाठवली. म्हणतो, आलीच नाही. त्याच फोनवर त्याला कुस्त्यांचे व्हिडिओ मात्र बरोबर येतात.

मला एक जानेवारीला हजर व्हायचं आहे. तुम्ही त्याला समजवा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत आत्याबाईंना पुण्याला न्या. उत्तर घरी पाठवू नका, अंगणवाडीच्या आशाबाईंच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची
छाया

•

पुणे
२६ नोव्हेंबर २०१८

प्रिय छाया,

तुझं पत्र मिळालं. वाचून आधी हसले, मग जरा रडले. बाबा फोन धरून बांधावरून येताहेत हे अगदी डोळ्यांसमोर आलं.

नोकरीबद्दल अभिनंदन. तुझी हुशारी मी पहिल्यापासून ओळखून आहे. पण खरं सांगू का, मी रोज सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसले की पहिल्यांदा 'सोबत' उघडते. आईच्या नावापुढे सगळं हिरवं दिसतं आणि मग मला दिवसभर काम सुचतं. मागच्या वर्षी मला तेही जमत नव्हतं. हे हिरवं तू करतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

प्रज्वलशी बोलले. तो म्हणाला, "अक्का, मी दिवसभर ट्रॅक्टरवर, मले कुठं गजर आयकू येते?" त्याचंही चूक नाही. पुण्याला आणण्याचं म्हणशील तर दोन खोल्यांत आम्ही चौघं, त्यात मानसीची दहावी. आईला जिना चढवत नाही. आणि तिला तिथल्या मातीशिवाय करमणार का, तूच सांग.

मला वाटतं तू जूनपर्यंत थांबावंस. नव्या वर्षात अशी जागा पुन्हा निघेल.

एक आनंदाची बातमी देते. 'सोबत'वाले जिल्ह्यातून एका उत्कृष्ट काळजीवाहकाचा सत्कार करणार आहेत. मी तुझं नाव पाठवलं होतं आणि तुझीच निवड झाली! बुलडाण्याला कार्यक्रम आहे. छानशी साडी नेस आणि जा. घरातल्यांनाही कळू दे, आपली सून काय आहे ते.

तुझी
सिंधूताई

•

सावळदरा
१० डिसेंबर २०१८

सिंधूताई,

सत्कार झाला. शाल, नारळ आणि माझ्या डोक्याएवढं सन्मानपत्र मिळालं. एका साहेबांनी भाषण केलं की यंत्र कितीही हुशार असलं तरी सुनेच्या हाताची सर त्याला नाही. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

पेपरात फोटो आला. मामंजींनी तो धाडच्या बाजारात चौघांना दाखवला आणि सन्मानपत्राला काच लावून आणली. आता येणारा जाणारा त्याच्याकडे पाहतो आणि मग माझ्याकडे पाहतो. पेपरात नाव आलेली सून सासूला टाकून चिखलीला गेली, हे ऐकायला गाव टपून बसलंय. तुम्ही माझ्या पाठीवर शाबासकी दिलीत ताई, पण तो हात तुम्ही काढलाच नाहीत. मला तो जड झालाय.

कार्यक्रमाहून आल्यावर मी एक आगाऊपणा केला. आत्याबाईंना गोळ्या दिल्या, सगळ्या वेळेवर दिल्या, पण फोनवर 'दिली' असं दाबलंच नाही. म्हटलं, होऊ दे लाल. लाल झालं की कोणीतरी विचारेल, या घरात दुसरं माणूस नाही का? विचारलं सगळ्यांनी. तुमचा फोन आला, चिखलीच्या डॉक्टरांचा आला, 'सोबत'च्या पुण्याच्या मदत केंद्रातल्या पोरीचा आला. पण सगळ्यांनी एकच विचारलं, छायाला काय झालं? तुमच्या भावानं ट्रॅक्टर सोडून घरी येऊन मला फैलावर घेतलं. मी मुकाट्यानं पुन्हा हिरवं करायला लागले.

आता जे लिहिते त्याचा राग मानायचा असेल तर माना. मागच्या गुरुवारी 'काळजीवाहक बदला'मध्ये मी तुमचा नंबर टाकला. तुम्ही पुण्याहून गोळी देऊ शकत नाही हे मला समजतं. पण तुमचं नाव तिथं असतं तर गजर तुमच्याकडे वाजला असता, तुम्ही फोन करून बापाला नाहीतर भावाला उठवलं असतं, आणि तुमचं त्यांनी ऐकलं असतं. माझं ऐकत नाहीत. दुसऱ्या दिवशी विनंतीची मुदत संपली. माझ्या पडद्यावर तुमच्या नावाखाली लिहून आलंय, 'विनंती पाहिली'.

तुमच्या भावानं निदान आलीच नाही म्हणायची तसदी घेतली.

छाया

•

पुणे
२१ डिसेंबर २०१८

छाया,

पाहिली. ऑफिसातच पाहिली आणि फोन पर्समध्ये टाकून दिला. तू इतक्या सरळ विचारलंस म्हणून मीही सरळच सांगते.

आमची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी सहावीत होते. आईनं तिचं सगळं केलं, वर्षानुवर्षं केलं. सख्ख्या भावाच्या लग्नाला आई गेली नाही, कारण आजी म्हणाली, "तू गेली त मले कोन पाहीन?" मामानं मग बोलणं टाकलं ते टाकलंच. मी ते घर पाहत मोठी झाले. लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा आहे यापेक्षा तो पुण्याचा आहे हे ऐकून मला हायसं वाटलं होतं. त्या पडद्यावर 'मान्य' हा शब्द पाहिला आणि मला वाटलं, हा दाबला की मी पुन्हा त्या घरात. मी घाबरले, छाया. तुझ्यावर सगळं पडतंय हे कळत होतं तरी घाबरले.

मला नाही जमणार. तू मला काय म्हणायचं ते म्हण. जूनपर्यंत तरी थांब, एवढंच हात जोडून सांगते.

सिंधू

•

मुलींचं वसतिगृह, चिखली
६ जानेवारी २०१९

सिंधूताई,

वरचा पत्ता पाहून दचकला असाल. मी आले.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आशाबाईंकडेच ते वाचलं, घरी आले आणि भाकरी टाकायला बसले. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली?" मी म्हटलं, धूर झाला. त्या म्हणाल्या, "गॅसचा कधीपासून धूर व्हायला लागला व?" मग सगळं सांगितलं. नोकरी, तारीख, तुमच्या भावाला आणि तुम्हाला पाठवलेली विनंती, सगळंच. त्या खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "आन इकडं तो डबडा. मले दाखव कुठं दाबा लागते."

'सोबत'मध्ये 'स्वतः' असाही एक पर्याय आहे, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. रुग्णानं स्वतःची काळजी स्वतः घ्यायची. चौथी शिकलेल्या बाईनं दोन दिवसांत सगळं गिरवलं. गजर बंद कसा करायचा, 'दिली' कुठं दाबायचं, बीपीचं यंत्र दंडाला लावून आकडा कुठं टाकायचा. मामंजींनी डोक्याला हात लावला. "सून काय कामाची मंग?" असं म्हणाले. तर आत्याबाई म्हणाल्या, "तिले तिचं काम हाय. माह्या गोळ्या मी खाईन, तुमचं काय जाते?"

फोन त्यांच्यापाशीच ठेवला. निघताना त्या वेशीपर्यंत आल्या. एवढं चालणं त्यांना झेपत नाही, तरी आल्या. मला म्हणाल्या, "माह्या सासूनं मले सोडलं नाही. तू जाय, पोरी." मी बसमध्ये बसले आणि बुलडाणा येईपर्यंत रडत होते, आणि ताई, त्यात निम्मं रडं आनंदाचं होतं.

इथं माझ्या खोलीला आतून कडी आहे. तुम्हाला हसू येईल, पण पहिल्या दिवशी मी ती दोन-तीनदा उगाच लावून पाहिली. मुक्ताला शाळा आवडली आहे. तुमच्यावर आता राग नाही. तुम्ही घाबरलात हे खरं लिहिलंत, ते मला 'जूनपर्यंत थांब'पेक्षा बरं वाटलं.

छाया

•

पुणे
३ फेब्रुवारी २०१९

प्रिय छाया,

तुझ्या पत्रानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि आईनं कमालच केली गं! महिना होऊन गेला, एक चौकोन लाल नाही. बीपी रोज एकशे तीसवर ऐंशी. मदत केंद्रातली मुलगी मला म्हणाली की ज्येष्ठांमध्ये अशी शिस्त त्यांनी पाहिली नाही, आईचं नाव पुढच्या सत्कारासाठी घेणार आहेत. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. खेड्यातली, साठी उलटलेली माझी आई!

आपण उगाच एवढा त्रागा केला असं आता वाटतं. मार्ग आपल्या डोळ्यांसमोर होता. एकमेकींना लागेल असं लिहिलं, ते विसरून जाऊ. मानसीची परीक्षा झाली की मे महिन्यात आम्ही सगळे येतो, तूही सुट्टी काढून ये. आईच्या हातचे मांडे खाऊ.

सुखात राहा.

सिंधूताई

•

चिखली
१८ फेब्रुवारी २०१९

सिंधूताई,

हे पत्र बसून वाचा. आत्याबाई जिवंत आहेत, पण बऱ्या नाहीत.

मलाही आधी तुमच्यासारखंच वाटलं होतं. मग एके दिवशी वसतिगृहाच्या ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या नव्या फोनवर 'सोबत' उघडलं आणि मी सगळे दिवस मागं मागं सरकवत गेले. रोज एकशे तीसवर ऐंशी. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, संक्रांतीला तेच. माणसाचं बीपी असं एका जागी बसतं का? तो आकडा मी त्यांना शिकवताना टाकून दाखवला होता. तोच त्यांनी पाठ केला. तीन डॉक्टर तो रोज पाहत होते, तुम्ही पाहत होता, मीही पाहत होते. हिरवा होता ना!

दहा तारखेच्या रविवारी सावळदऱ्याला गेले. आत्याबाईंचे पाय सुजून खांबासारखे झालेत. दोन पावलं टाकली की दम लागतो. डबा उघडला. गोळ्यांची पाकिटं मी ठेवली होती तशीच होती. त्यांनी काही लपवलंही नव्हतं. कोणी डबा उघडणारच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मामंजी म्हणाले, "फोन त टायमावर बंद व्हायचा, मले वाटलं खाऊन राह्यली."

मी जोरात बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या गोळ्यायनं तोंडाची चवच गेली होती. भाकर गोड लागत नव्हती. आता लागते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "सिंधूले सांगू नोको. तू बी येऊ नोको. हिरवं दिसलं का समदे आपापल्या कामाले जातेत. जाऊ दे त्यायले."

बुलडाण्याच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या भावासोबत त्यांना नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं, पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, सूज थोडी उतरली. डॉक्टर म्हणाले, किडनीनं पुष्कळ सोसलंय. यापुढे गोळी कोणीतरी समोर बसून गिळायला लावली पाहिजे, आणि तोंड उघडून पाहिलं पाहिजे. रोज.

त्यांच्या खाटेपाशी मी फोन हातात घेऊन बसले होते. 'काळजीवाहक बदला'. खाली माझा जुना नंबर, त्यापुढे 'सून', नुसतं बोट टेकवायचं होतं. मी टेकवलं नाही. टेकवलं असतं तर हे पत्र सावळदऱ्याहून आलं असतं आणि यापुढची सगळी तिथूनच आली असती. आत्याबाईंवर माझी माया नाही असं नाही. मला भीती वाटते ती तेवढ्यासाठीच. दर रविवारी मी जाईन, पगारातून गोळ्या आणीन, औरंगाबादला मी नेईन. पण मी परत जाणार नाही.

तुम्हाला विनंती पाठवलेली नाही. तुम्ही ती पाहिलीत आणि मिटवलीत, हे मला पुन्हा वाचायचं नाही. आत्याबाईंनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं. आता सकाळी बसमध्ये फोन उघडाल तेव्हा त्या हिरव्यामागं काय आहे, ते आपल्या दोघींनाही माहीत असेल.

छाया

•

सावळदरा
५ मार्च २०१९

छाया,

मानसीचा मराठीचा पेपर झाला आणि मी निघाले. बाकीचे पेपर ती बापाच्या भरवशावर देईल. ती दारात आली नाही. आतूनच "जा" म्हणाली. मी त्या शब्दात राग शोधत राहिले, पण तो फक्त 'जा' होता, म्हणून जास्त लागला.

पत्र आल्यावर चार दिवस मी नेहमीसारखी ऑफिसला गेले. बसमध्ये फोन उघडायची आणि बंद करायची. तुझ्यावर चिडले. तू मला का सांगितलंस, असंही वाटलं. मग एका सकाळी माझं नाव मीच टाकलं आणि माझ्याच फोनवर 'मान्य' दाबलं. 'स्वतः' खोडलं गेलं आणि तिथं 'मुलगी' आलं. ऑफिसनं बिनपगारी रजा दिली आहे, पुढचं पुढे पाहू म्हणाले. पुढचं काय ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

प्रज्वलला वाटतं मी चार दिवस माहेरपणाला आले. बाबा सगळ्यांना सांगतात, पोरगी आली, आता चिंता नाही.

आई मात्र खूश नाही. मी आले तेव्हा तिनं मला जवळ घेतलं नाही. "तुहं घर तिकडं, तुही पोरगी तिकडं," म्हणाली, "तू काऊन आली? तिले मी सोडलं, ते काय तुले अडकवासाठी?" मी म्हटलं, तू गोळ्या घे, मी जाते. ती म्हणाली, "तू जाय, मंग मी घेतो." तेव्हापासून आमचं हेच चाललंय. मी पाणी देते, ती गोळी घेते आणि गालात धरते. मला कळतं. तिलाही कळतं की मला कळतं.

ओट्यावर बसून लिहिते आहे. आई समोर भिंतीला टेकून बसली आहे, गोळी जिभेखाली आहे, तोंड घट्ट मिटलेलं आहे, आणि डोळे माझ्यावर आहेत. पाण्याचा गडवा आमच्या मध्ये ठेवलाय. जनकाबाई येऊन पाहून गेल्या. ती गिळत नाही आणि मी उठत नाही.

सिंधू